कॉम्पम्युझिक प्रकल्प
कॉम्पम्युझिक प्रकल्प : विविध संस्कृतींतील संगीताचे संगणकाद्वारे विश्लेषण करणारा आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्प (२०११–१७). युरोपीय संशोधन परिषदेच्या अनुदानातून तो बार्सेलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठात शाव्हिएर सेर्रा यांच्या नेतृत्वाखाली चालला. संगणकीय संगीतविश्लेषणाची बहुतेक साधने पाश्चात्त्य संगीत गृहीत धरून घडलेली होती. सप्तकाचे बारा समान भाग पाडणाऱ्या मापात मींड व आंदोलन यांची यथार्थ नोंद होत नाही. षड्जही गायकागणिक बदलतो. म्हणून हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-अंदालुसी व बीजिंग ऑपेरा या पाच परंपरांचा अभ्यास त्या त्या परंपरेच्या जाणकारांसह करण्यात आला. मद्रास व मुंबई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थांतील संशोधकांचा त्यात सहभाग होता. राग, ताल व कलाकार यांच्या नोंदींसह सिद्ध केलेले सामायिक ध्वनिसंग्रह हे या सहकार्याचे मुख्य फलित होय. त्यांमुळे एका ठिकाणचा निष्कर्ष अन्यत्र पडताळून पाहता येतो.