5 केल्विनपाशी

आर्क फर्नेसची काच गडद असते, तरी ठिणगी पडली की आतलं सगळं लख्ख दिसतं. पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या बशीत होल्मियम आणि निकेलचे तुकडे, त्यांच्याखाली बोरॉन आणि कार्बन. हे दोन घटक हलके. वर ठेवले तर झोताने उडून जातील. भट्टीतली हवा काढून आर्गॉन भरलेला असतो. उरलासुरला ऑक्सिजन शोषून घ्यायला आधी टायटॅनियमचा तुकडा वितळवतात, मग सँपल. गोठलेल्या गोळ्याला इथे ‘बटण’ म्हणतात. ते उलटून पुन्हा वितळवायचं, पुन्हा उलटायचं, म्हणजे घटक एकजीव होतात. शेवटी वजन. वजन घटलं असेल, तर काहीतरी उडालं आणि प्रमाण बिघडलं. तराजूचा आकडा स्थिर होईपर्यंत संशोधक विद्यार्थिनी श्वाससुद्धा जपून घेते. पुढे हे बटण क्वार्ट्झच्या निर्वात नळीत बंद करून कित्येक दिवस भट्टीत तापवत ठेवतात.

या संयुगाचं घराणं मुंबईचं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या सँपलमध्ये 12 केल्विनच्या आसपास अतिवाहकतेची, म्हणजे विजेचा रोध पार शून्य होण्याची, पुसट खूण दिसली. निकेलसारखा चुंबकी धातू भरपूर असलेल्या पदार्थात ती अपेक्षितच नव्हती. त्यांनी तिचा माग सोडला नाही. कार्बन मिसळल्यावर खूण ठळक झाली आणि 1994 मध्ये बोरोकार्बाइडांचं कुटुंब जगापुढे आलं.

चुंबकत्वाचं आणि अतिवाहकतेचं वैर जुनं. नेहमीच्या अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वाहतात आणि जोडीतल्या दोघांच्या फिरक्या (स्पिन) परस्परविरुद्ध असतात. लोहचुंबकत्व सगळ्या फिरक्या एकाच दिशेला वळवू पाहतं, मग जोडी टिकत नाही. अर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉनच्या संयुगात हे 1977 मध्ये स्पष्ट दिसलं. 8.7 केल्विनला अवतरलेली अतिवाहकता 0.9 केल्विनच्या आसपास लोहचुंबकत्व जागं होताच नाहीशी झाली.

होल्मियमच्या सँपलमध्ये काय होतं, ते पाहायला मी मोजणीच्या खोलीत थांबलो. बटणातून कापलेल्या बारीक पट्टीवर चांदीच्या लेपाने चार तारा चिकटवलेल्या. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह जातो, आतल्या दोन व्होल्टेज मोजतात. त्यामुळे तारांचा स्वतःचा रोध हिशेबात येत नाही. द्रवरूप हेलियमच्या थंडीत तापमान सावकाश उतरू लागतं. 8 केल्विनच्या सुमारास पडद्यावरची रोधाची रेघ कोसळते आणि शून्यावर टेकते. मग थोडं चुंबकी क्षेत्र लावून तीच मोजणी पुन्हा. या वेळी शून्यावर गेलेली रेघ 5 केल्विनपाशी परत डोकं वर काढते. अतिवाहकता हरली, असं वाटतं. पण तापमान आणखी उतरतं आणि रेघ पुन्हा शून्यावर येते.

या उसळीचं कारण न्यूट्रॉन विखुरणाच्या प्रयोगांनी दाखवलं. होल्मियमचा प्रत्येक अणू हा छोटा, जोरकस चुंबक. 6 ते 5 केल्विनच्या दरम्यान हे चुंबक सर्पिल, गुंतागुंतीच्या मांडणीत असतात आणि अतिवाहकतेला सर्वाधिक त्रास तेव्हाच होतो. 5 केल्विनच्या खाली ते शिस्तीत येतात: एका थरातले सगळे एका दिशेला, पुढच्या थरातले नेमके उलट. इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा पसारा अशा अनेक थरांवर पसरलेला असतो, त्यामुळे तिच्या वाट्याला येणाऱ्या चुंबकत्वाची बेरीज शून्य होते. चुंबक तेवढेच जोरकस राहतात. जोडीला जगू देते ती त्यांची मांडणी.

सहवासाची हीच एक वाट आहे असं नाही. 2000 मध्ये युरेनियम आणि जर्मेनियमच्या एका लोहचुंबकात प्रचंड दाबाखाली अतिवाहकता सापडली. तिथे जोडीतल्या दोन्ही फिरक्या एकाच दिशेच्या असाव्यात, असं मानलं जातं.

मांडणी निर्णायक ठरते याचा बोरोकार्बाइडांपुरता पुरावा मात्र याच कुटुंबात आहे. होल्मियमऐवजी डिस्प्रोसियम घातलं की क्रम उलटतो: चुंबकी शिस्त सुमारे 10 केल्विनलाच लागते आणि अतिवाहकता त्यानंतर, 6 केल्विनच्या आसपास येते. म्हणजे चुंबकत्वाने आधीच व्यापलेल्या पदार्थात ती जन्म घेते. दोन शक्ती एका घरात नांदतील की नाही, हे त्यांच्या ताकदीवरून ठरवता येत नाही. अणूंची मांडणी तपासावी लागते, आणि त्यासाठी आधी एक निर्दोष बटण हाती असावं लागतं.