श्याम रडला, पांडुरंग हसला

खानदेशाने मराठी वाचकाला दोन मुले दिली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. पहिला श्याम. तो जन्माने कोकणातला खरा. परंतु त्याची कथा सांगणारे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी सांभाळीत होते. घरापासून दूर आलेल्या मुलांचे मन त्यांनी तेथे जवळून पाहिले आणि १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. दुसरा मुलगा पांडुरंग सांगवीकर. तो सातपुड्याच्या पायथ्याचा, सांगवीचा. त्याला जन्म देणारे भालचंद्र नेमाडेही यावल तालुक्यातील त्याच सांगवीचे. १९६३ मध्ये ‘कोसला’ प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकाचे वय अवघे पंचवीस होते.

श्याम चुकतो, रडतो आणि सुधारतो. पांडुरंग चुकतो, हसतो आणि आणखी चुकतो. मराठी घरांनी पहिल्याला देव्हाऱ्याजवळ जागा दिली. दुसऱ्याला मात्र मुलांनी उशाखाली ठेवले. पालक आणि शिक्षक यांनी विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

‘कोसला’ची गणना गंभीर साहित्यात होते. तिच्या लेखकाला पुढे २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही मिळाला. या मानसन्मानात एक साधी गोष्ट विसरली जाते, ती अशी की हे पुस्तक अतिशय विनोदी आहे. खेड्यातल्या सधन शेतकऱ्याचा मुलगा पुण्याच्या महाविद्यालयात येतो. आपण कोठे तरी कमी आहोत, ही बोच त्याला स्वस्थ बसू देत नाही. मग तो वक्तृत्व मंडळाचा चिटणीस होतो, वसतिगृहाच्या खाणावळीचा कारभार अंगावर घेतो, संमेलनाचे नाटक बसवितो. सर्वत्र त्याच्या भलेपणाचा लोक फायदा घेतात, हिशेब बिघडतात आणि परीक्षाही बिघडते. हे सारे तो अशा निर्विकार सुरात सांगतो की वाचकाला हसू आवरत नाही. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे त्याचे आवडते शब्द. कोणतीही गोष्ट ठामपणे सांगण्याचे धैर्य नसलेला तरुण या दोन शब्दांच्या आडोशाला कसा उभा राहतो, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही पटेल. ‘कोसला’ म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. पांडुरंगाचा विनोद हाच त्याचा कोश आहे.

या विनोदाखाली घरचे दुखणे आहे. वडील गावातले वजनदार गृहस्थ. पैसे तेच पाठवितात, म्हणून हिशेब मागण्याचा अधिकारही त्यांचाच. मुलाच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याची रीत त्या घरात नाही. सांगण्याची तर नाहीच. बाप वाईट नाही आणि मुलगाही वाईट नाही. दोघांमध्ये केवळ पैशाची भाषा शिल्लक राहिली आहे, एवढेच. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तेव्हा मात्र पांडुरंगाचे हसू एकाएकी थांबते. तोवर जो पोरकटपणा वाटत होता, तो किती नाजूक आधार होता, हे वाचकाच्या ध्यानात येते. शेवटी अपयश घेऊन तो गावी परततो. कादंबरी त्याला शिक्षा करीत नाही आणि बक्षीसही देत नाही.

जगातही असे झाले आहे. अमेरिकेत १९५१ मध्ये सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ने शाळेतून काढलेल्या मुलाला बोलते केले, ‘कोसला’ची तुलना अनेकदा तिच्याशी होते. इंग्लंडमध्ये १९८२ साली स्यू टाउनसेंड यांनी एड्रियन मोल नावाच्या पावणेचौदा वर्षांच्या मुलाची रोजनिशी लिहिली. आईबापांचे भांडण आणि चेहऱ्यावरची पुटकुळी या दोन्ही गोष्टी तो सारख्याच काळजीने नोंदवितो, आणि त्यातूनच हसू फुटते. मराठीत २००४ मध्ये मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग असाच हसत-हसवत उभा केला. तथापि अशा पुस्तकांची मराठीतील संख्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. कुमारांसाठी आपण शूर मुलांच्या साहसकथा लिहिल्या, संस्कारकथा लिहिल्या. घाबरलेल्या मुलाची गमतीदार कथा क्वचितच लिहिली.

याचे कारण उघड आहे. हसणारा मुलगा बेपर्वा, अशी आपली समजूत असते. वर्गात मागच्या बाकावरून टवाळी करणारा विद्यार्थी शिक्षकाला उर्मट वाटतो. निकालाच्या दिवशी विनोद करणारा मुलगा बापाला निर्लज्ज वाटतो. त्या विनोदामागे भीती असू शकेल, ही शंका कोणालाच येत नाही. आजही जळगाव आणि धुळ्याहून मुले-मुली शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जातात. केळीच्या बागेवर किंवा कारकुनाच्या पगारावर त्यांची फी भरली जाते. मनीऑर्डर गेली, पैसे क्षणात खात्यात पोहोचू लागले. पण फोनवरचा पहिला प्रश्न अजून पैशाचा आणि दुसरा गुणांचाच असतो. मुले ‘ठीक आहे वगैरे’ म्हणतात आणि फोन ठेवतात.

शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत श्यामशेजारी पांडुरंगालाही जागा असावी, ती याकरिता. त्यावर निबंध लिहून घेऊ नयेत, तात्पर्यही विचारू नये. आपल्यासारखाच दुसरा कोणी घाबरला होता आणि त्यावर हसलाही होता, एवढे मुलाला कळले तरी पुष्कळ झाले. बापानेही ते पुस्तक एकदा वाचावे. मुलाच्या पुढच्या फोनला कदाचित तो हिशेबाआधी दुसरे काही विचारील.