जुना संगणक टाकण्याआधी

विहिरीवरची मोटार जळाली, तर कोणी लगेच नवी मोटार आणतो का? नाही. आधी ती मिस्त्रीकडे नेतो. वाइंडिंग करून घेतो. बेअरिंग बदलतो. मोटार पुन्हा पाणी ओढू लागते. कुऱ्हाडीचा दांडा मोडला, तर नवा दांडा बसवतो. पाते कोणी फेकून देत नाही. मग संगणकाच्या बाबतीतच आपण घाई का करतो?

संगणक म्हणजे आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो, ते यंत्र. आमच्या वर्गात आंबेगाव तालुक्यातले एक बापू येतात. त्यांच्या घरी थोरल्या मुलाच्या वेळचा टेबलावरचा संगणक आहे. आता धाकटी मुलगी त्यावर अभ्यास करते. तो फार मंद झाला होता. बटण दाबावे, चहा करून प्यावा, तरी काम सुरू होत नसे. एक दुकानदार म्हणाला, "हा भंगारात घाला. नवाच घ्या." बापूंनी कालवड विकायचे मनात आणले. विकण्याआधी त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही म्हणालो, "बापू, जरा थांबा. आधी पेटी उघडून तर पाहू."

पेटीच्या आत काय असते? भाकरी करताना काय लागते ते आठवा. पिठाचा डबा लागतो, परात लागते आणि मळणारे हात लागतात. संगणकातही तसेच आहे. हार्ड डिस्क हा डबा. त्यात सगळी माहिती साठवलेली असते. रॅम ही परात. चालू कामापुरती माहिती डब्यातून काढून तिच्यात घेतात. प्रोसेसर हे हात. खरे काम ते करतात.

परात लहान असली तर काय होते? थोडे पीठ घ्या, मळा, पुन्हा डब्याकडे जा. हातांत बळ असूनही वेळ जातो. रॅम कमी पडली की संगणकाचेही असेच हेलपाटे होतात. त्यात जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरत असते. माहिती कुठे आहे ते एक बारीक दांडी शोधत जाते. त्यातही वेळ मोडतो. म्हणजे बहुतेक वेळा हात थकलेले नसतात. परात लहान आणि डबा अवघड, एवढेच असते.

यावर उपाय आहे. फिरत्या डिस्कच्या जागी एस.एस.डी. नावाचा नवा साठा बसवता येतो. त्यात फिरणारे काहीच नसते. माहिती चटकन हाती येते. जुन्या संगणकाला सर्वांत जास्त गुण येतो तो यानेच. रॅम ४ जी.बी. असेल तर ती ८ जी.बी. करावी. पण एक लक्षात ठेवा. रॅमच्या पिढ्या असतात. डी.डी.आर. ३ च्या खाचेत डी.डी.आर. ४ ची पट्टी बसत नाही. म्हणून जुनी पट्टी दाखवूनच नवी घ्यावी.

कधी कधी नुसत्या सफाईनेही फरक पडतो. पेटीत धूळ साचली, की पंख्याला वारा ओढता येत नाही. यंत्र तापते आणि आपोआप सावकाश चालते. आधी वीज बंद करून वायर काढावी. मग मऊ ब्रशने धूळ झाडावी. ओले फडके लावू नये. घड्याळ रोज चुकत असेल, तर आतला नाण्याएवढा सेल बदलावा.

आता आपल्याच भागातली एक मोठी गोष्ट ऐका. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला मोठमोठ्या जाळीच्या थाळ्या उभ्या आहेत. ती आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तिच्या एकंदर ३० थाळ्या आहेत. एकेक थाळी ४५ मीटर रुंद आहे. २००२ पासून देशोदेशीचे शास्त्रज्ञ तिचा उपयोग करत आहेत.

पुढे ही दुर्बीण जुनी होऊ लागली. मग शास्त्रज्ञांनी थाळ्या मोडून नव्या उभारल्या का? नाही. थाळ्या त्याच ठेवल्या. लहरी टिपणारी यंत्रे आणि आतले संगणक नवे बसवले. आधी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा लहरींचा पट्टा टिपता येई. आता ४०० पर्यंत येतो. म्हणजे बारा पटींहून जास्त! थाळ्या जुन्या, कान नवे. एवढ्या मोठ्या यंत्राला जे चालते, ते आपल्या टेबलावरच्या पेटीला का चालू नये?

पण सगळेच जुने म्हणजे सोने नव्हे. मुख्य पाटीच, म्हणजे मदरबोर्ड, जळाली असेल तर विचार करावा. खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तरी थांबावे. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. वापरलेला पण चांगला संगणकही बाजारात मिळतो. त्याचीही चौकशी करावी.

आणखी एक अडचण आहे. पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज १० चालते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीने तिची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. संगणक बंद पडत नाही, पण चोरट्यांना वाट मोकळी राहते. विंडोज ११ मात्र जुन्या प्रोसेसरवर सहसा बसत नाही. अशा वेळी लिनक्स घालता येते. ते फुकट मिळते. त्यात मराठी लिहिता येते, पत्र टाइप करता येते, इंटरनेटही चालते. पण काही कामांचे प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालतात. मुलांना कोणते लागतात, ते आधी विचारावे.

दुकानात जाताना चार गोष्टी कराव्यात. पहिली, घरचे फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत. दुसरी, दोन ठिकाणी भाव विचारावा. तिसरी, पावती घ्यावी व वॉरंटी किती ते पावतीवर लिहून घ्यावे. चौथी, काढलेली जुनी डिस्क परत मागून घ्यावी. तिच्यात आपली माहिती असते. निकामी भाग उकिरड्यावर टाकू नये, जाळूही नये. त्यातून विषारी धूर निघतो. ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावेत.

आणि बापूंचे काय झाले? मंचरला एका कारागिराने पेटी उघडली. धूळ काढली, एस.एस.डी. बसवली, रॅम वाढवली. लिनक्स घातले. आता चहाला आधण येईपर्यंत संगणक सुरू झालेला असतो. मुलगी त्यावर अभ्यास करते. बापू शेजारी बसून पडद्यावरची अक्षरे जुळवून वाचतात. आणि कालवड गोठ्यातच आहे.