समदुःखी सोबती

वऱ्हाडात ज्वारीची कापणी सुरू झाली म्हणजे शेताशेतांतून विळे दिसू लागतात. विळ्याचे पाते चंद्रकोरीसारखे वाकलेले असते. काही माणसांच्या रक्तातील तांबड्या पेशींना असाच आकार येतो. त्यावरूनच त्यांच्या आजाराला सिकलसेल हे नाव पडले आहे. कारण सिकल या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी विळा असा आहे. शिकागो येथील जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या डोंगराळ प्रदेशात आढळला. आपल्या विदर्भातही त्याचे रुग्ण पुष्कळ आहेत. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात कित्येक घरांना तो परिचित आहे.

निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचिक असते. अत्यंत बारीक रक्तवाहिनीतूनही ती अंग मुडपून निघून जाते आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात प्राणवायू पोहोचविते. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. विळ्याच्या आकाराची पेशी मात्र ताठ असते व ती १० ते २० दिवसांतच नाश पावते. त्यामुळे शरीरात रक्त कमी पडते आणि थकवा येतो. शिवाय अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडे, सांधे व पोट यांत असह्य वेदना उठतात. हा आजार आईवडिलांकडून जन्मतःच येतो. रुग्णाशेजारी बसल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने किंवा खेळल्याने तो कोणालाही होत नाही.

या आजारावर औषधे आहेत. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. परंतु डॉक्टरांची भेट थोड्या वेळाची असते. उरलेले सारे दिवस मुलाला स्वतःची काळजी स्वतःच घ्यावी लागते. अकोल्याचा उन्हाळा किती कडक असतो, हे वऱ्हाडातील मुलांना सांगावयास नको. त्या उन्हात अंगातील पाणी आटले की पेशी अधिक वाकतात. चिखलदऱ्याच्या थंडीतही दुखणे उठू शकते. म्हणून भरपूर पाणी प्यावे, अंगात उबदार कपडे घालावेत आणि अतिश्रम टाळावेत, असे डॉक्टर सांगतात.

हे नियम ऐकावयास सोपे, पण पाळावयास अवघड आहेत. ते का, हे समजण्यासाठी एखाद्या आश्रमशाळेतील सहावीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. सिकलसेल असलेली एक मुलगी त्या वर्गात आहे. ती सारखी पाणी पिते आणि त्यामुळे तिला वारंवार बाहेर जावे लागते. मुले हसतात. काही दिवसांनी ती पाणी पिणेच सोडते. पुढे परीक्षेच्या आदल्या रात्री तिचे पाय असे दुखू लागतात की तिला उभेही राहवत नाही. पाणी पिणे किती आवश्यक आहे, हे तिला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. पण हसण्याची लाज तिला वेदनेपेक्षा मोठी वाटली.

अशा वेळी त्याच शाळेतील, हाच आजार असलेली दहावीची मुलगी तिच्याजवळ येऊन बसते. ती म्हणते, "मीही पूर्वी असेच लपवीत असे. मग मी बाईंना सारे सांगितले आणि दाराजवळची जागा मागून घेतली. आता प्रत्येक तासाला मी पाणी पिते. कोणी हसले तर त्याला विळ्याची गोष्ट सांगते." धाकटी विचारते, "ताई, तुझेही पाय असेच दुखतात?" त्या एका प्रश्नाबरोबर तिचे एकटेपण निम्मे सरते. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो ते याचसाठी. आणि गंमत अशी की धाकटीला धीर देताना थोरलीलाही धीर येतो. आपण सोसलेले दुःख कोणाच्या तरी उपयोगी पडले, असे तिला वाटते.

मात्र सोबती हा डॉक्टर नव्हे. औषधाचे प्रमाण रुग्णाचे वजन व रक्ताची तपासणी यांवरून ठरते. म्हणून एकाची गोळी दुसऱ्याने कधीही घेऊ नये. ताप आला, छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर क्षणभरही न थांबता मोठ्या माणसांना सांगून रुग्णालय गाठावे. हे बजावून सांगणे, हेदेखील चांगल्या सोबत्याचे कर्तव्यच होय.

नागपूरचे संपत रामटेके यांच्या मुलाला हा आजार होता. स्वतःच्या घरातील दुःखावरून त्यांनी इतरांचे दुःख जाणले आणि रुग्ण व त्यांचे पालक यांना एकत्र आणून त्यांच्यासाठी संस्था उभारली. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. पुढे २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. वयाच्या चाळिशीपर्यंतच्या लोकांचे रक्त तपासणे हा तिचा एक मोठा भाग आहे. रक्ताच्या तपासणीने आजार आहे की नाही, हे कळते. पण तो घेऊन रोज शाळेत कसे जावे, हे ती तपासणी सांगू शकत नाही. ते सांगावयास त्याच वाटेने आधी गेलेला कोणीतरी लागतो.

मग ज्यांना हा आजार नाही, त्यांनी काय करावे? त्या सहावीच्या वर्गातील मुले हसली नसती, तर तिने पाणी पिणे सोडलेच नसते. तुमच्या वर्गात कोणी वारंवार पाण्याची बाटली तोंडाला लावीत असेल, तर हसू नका. ती रिकामी झाली असेल तर भरून आणून द्या.