पिढीजात ऋण आणि पिढीजात ठेव

वारसा म्हटला कीं घरदार, जमीनजुमला आणि दागदागिने हेंच प्रथम डोळ्यांसमोर उभें राहतें. परंतु एकोणिसाव्या शतकांत दख्खनच्या कोरडवाहू मुलखांतील असंख्य कुटुंबांत बापाकडून मुलाकडे हमखास येणारी वस्तु एकच होती. ती म्हणजे सावकाराच्या वहींतील बाकी. पित्याचें ऋण फेडणें हें पुत्राचें धर्मकर्तव्य मानलें जाई. मुंबई इलाख्यांतील १८६६ च्या कायद्यानें ही जबाबदारी वारशानें मिळालेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली खरी. तथापि नव्या खतावर मुलानें नांगराची निशाणी केली, कीं तेंच जुनें ऋण त्याचें स्वतःचें होऊन बसे.

हें ऋण इतकें चिवट कां होतें, याचा उलगडा साध्या गणितानें होतो. दामदुपटीच्या जुन्या नियमाप्रमाणें व्याज मुद्दलाहून अधिक घेतां येत नसे. परंतु १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली, आणि मुदत संपण्यापूर्वीं थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत करून घेण्याची वहिवाट बळावली. समजा, एखाद्यानें दरमहा शेंकडा २ रुपये व्याजानें १०० रुपये काढले. तीन वर्षांनीं १७२ रुपयांचें खत होई, सहा वर्षांनीं सुमारें २९६ चें आणि नऊ वर्षांनीं सुमारें ५०९ चें. मध्यंतरीं एक पैहि नवी न घेतां ऋण पांचपट झालें !

अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेतकऱ्याची पत फुगली. युद्ध संपतांच भाव कोसळले. बाकी मात्र राहिली. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा मुख्य रोख होता तो वह्यांवर आणि खतांवर. पुढें १८७९ च्या कायद्यानें खताच्या मागील व्यवहाराचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. पण कायदा जुना हिशेब तपासूं शके. पुढच्या पेरणीचें बियाणें तो देऊं शकत नव्हता.

याच प्रश्नाचें एक उत्तर जर्मनींत शोधलें गेलें होतें. हेडेसडॉर्फचे नगराध्यक्ष रायफायझेन यांनीं १८६४ सालीं तेथें एक पतसंस्था काढली. तिचें क्षेत्र लहान, म्हणजे सभासद एकमेकांस ओळखणारे. एकाच्या कर्जाची जबाबदारी सर्वांवर, त्यामुळें ज्याच्यापाशीं तारण नाहीं त्याची सचोटी हेंच तारण. आणि नफा वांटून न घेतां तो गंगाजळींत टाकावयाचा. ही गंगाजळी कोणा एकाची नव्हे. म्हणून ती एका पिढीबरोबर संपतहि नाहीं. याच धर्तीवर १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दहा माणसें एकत्र आलीं कीं संस्था काढतां येई.

मार्ग सांपडला, तरी तो लांबचा होता. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं १९२३ सालीं पतपेढी स्थापिली. त्याच परिसरांत ऊस पिकविणारे शेतकरीच ज्याचे भागधारक, असा प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीं उभा राहिला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. या दोहोंमध्यें २७ वर्षें लोटलीं. सर्वत्रच असें यश आलें, असें मात्र नाहीं. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा ३.१ इतकाच भरला. कायदा होऊन तेव्हां जवळजवळ अर्धें शतक झालें होतें !

शहरांतील पगारदार कुटुंबासहि या इतिहासांत घेण्यासारखें पुष्कळ आहे. ज्या चक्रवाढीनें सुप्याचा शेतकरी बुडाला, तीच ठेवीदाराच्या बाजूस उभी राहते. दरमहा १०० रुपये, वार्षिक शेंकडा ६ दरानें व मासिक चक्रवाढीनें २० वर्षें सांठविले, तर भरलेल्या २४,००० रुपयांचे सुमारें ४६,२०० होतात. महागाई यांतील कांहीं भाग खाते, हें खरें. तसेंच, पहिल्या पांच वर्षांत ही वाढ डोळ्यांत भरत नाहीं. बहुतेकांचा धीर सुटतो तो येथेंच. आजारपण किंवा लग्नकार्य आलें कीं ठेव मोडली जाते आणि गणित पुन्हां आरंभापासून मांडावें लागतें. म्हणून अडीअडचणीची शिल्लक निराळी आणि दीर्घ मुदतीची ठेव निराळी, हा विवेक प्राप्तीच्या आंकड्याहून महत्त्वाचा ठरतो.

हिंदु वारसा कायद्यांतील २००५ च्या दुरुस्तीनें, तिच्यानंतर काढलेल्या कर्जाबद्दल केवळ धर्मकर्तव्याच्या आधारें पुत्रावर दावा करण्याची वाट बंद झाली. पित्याचें ऋण पुत्राच्या माथ्यावरून उतरविण्याचें काम कायदा करूं शकला. त्याच्या हातीं कांहीं ठेवून जाण्याचें काम मात्र अजूनहि प्रत्येक घराचेंच आहे.