वर्ध्याची पेढी आणि पल्सरची अक्षरं

बजाज ऑटो ही कंपनी आज सगळ्यांना पुण्याची वाटते. आकुर्डी, चाकण हे तिचे पत्ते. पण २९ नोव्हेंबर १९४५ला तिची नोंदणी झाली ती ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने, आणि हे बच्छराज वर्ध्याचे. सीकरजवळच्या काशी का बास या गावातला जमनालाल नावाचा मुलगा त्यांनी नातू म्हणून दत्तक घेतला. पुढे त्याच जमनालाल बजाजांनी गांधीजींना वर्ध्याला आणलं आणि सेवाग्राम उभं राहिलं. जमनालालजी १९४२मध्ये गेले. त्यांनी स्कूटर कधी विकली नाही. पण कंपनीने पहिलं नाव घेतलं ते वर्ध्याच्या पेढीचंच. त्यामुळे या कंपनीच्या गाड्यांच्या नावांचा शोध वर्ध्यापासून सुरू करणं मला योग्य वाटतं.

कंपनीने १९४८पासून परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आणून विकल्या. इथेच गाड्या बनवण्याचा परवाना तिला १९५९मध्ये मिळाला. त्या वेळी जमनालालजींचे थोरले चिरंजीव कमलनयन बजाज वर्ध्याचे खासदार होते. सुरुवातीची गाडी होती इटलीच्या पियाजिओची व्हेस्पा १५०. तो करार १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. सोबतीला सुपर होती. शिवाय साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ बनू लागली. ती कंपनी बजाज आणि राज्य सरकारच्या महामंडळाने मिळून १९७५मध्ये काढली होती.

नावं तीन, पण गिऱ्हाइकाला निवड अशी नव्हतीच. बुकिंग केल्यावर नंबर लागायला वर्षानुवर्षं जात आणि घाई असलेले लोक ‘ऑन’, म्हणजे किमतीवर जास्तीचे पैसे, देऊन गाडी घेत. चेतकची चाकं दहा इंची, सुपरची आठ इंची, हा फरक मेकॅनिकला ठाऊक असे. मिळाली ती गाडी आपली, असा तो काळ. अशा बाजारात ‘स्पोर्ट’ हा शब्द कुणाला विकणार? दुर्मीळ माल विकायला विशेषणं लागत नाहीत. गाड्यांच्या नावांचं सगळं रामायण समजून घ्यायचं तर हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

अक्षरं आली ती मोटारसायकलीबरोबर. जपानच्या कावासाकीशी हातमिळवणी झाल्यावर ऐंशीच्या दशकात केबी १०० निघाली. केबी म्हणजे कावासाकी बजाज आणि १०० म्हणजे इंजिनाची सीसी. नाव इतकं सरळ होतं. नोव्हेंबर २००१मध्ये पल्सर १५० आणि १८० आल्या, तेव्हाही आकडा इंजिनाचाच होता. २००३मध्ये मागे ‘डीटीएस-आय’ लागलं, म्हणजे एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. ही अक्षरं निदान खऱ्या यंत्राबद्दल काही सांगत होती, म्हणून मला ती आवडतात.

खरा गोंधळ २०१२पासून सुरू होतो. त्या वर्षी पल्सर २०० एनएस आली. एनएस म्हणजे नेकेड स्पोर्ट, म्हणजे समोर आवरण नसलेली. २०१५मध्ये आरएस २०० आली, रेस स्पोर्ट. अंगभर प्लास्टिकचं आवरण असलं तरी आतलं इंजिन मूळ तेच, १९९.५ सीसीचं. त्याच वर्षी एएस म्हणजे अ‍ॅडव्हेंचर स्पोर्टही निघाली, ती फार टिकली नाही. त्याआधी १३५ एलएस, म्हणजे लाइट स्पोर्ट, आली होती. इतक्या गाड्यांच्या नावात ‘स्पोर्ट’ बसला, की त्या शब्दावरून कोणती गाडी जास्त पळते ते कळेना.

त्यातलं सगळ्यात फसवं जोडपं म्हणजे एनएस १६० आणि एन १६०. शोरूममध्ये दोन्ही शेजारी उभ्या असतात आणि एकाच अक्षराचा फरक पाहून माणसाला वाटतं की एक साधी आणि दुसरी ‘टॉप मॉडेल’. वस्तुतः ही दोन वेगळी इंजिनं आहेत. एनएसचं १६०.३ सीसीचं, चार व्हॉल्व्हचं, १७.२ पीएस ताकदीचं. एनचं १६४.८२ सीसीचं, दोन व्हॉल्व्हचं, १६ पीएसचं. म्हणजे सीसी जास्त, ताकद कमी! दोघींची चौकटही निराळी. घर ते ऑफिस अशी रोजची गाडी हवी असेल तर एन आणि पिकअप हवा असेल तर एनएस, असं मी सांगेन. उलट ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या एन २५० आणि एफ २५० यांचं इंजिन अगदी एकच. एफला समोर फेअरिंग होतं, एनला नव्हतं, एवढाच मोठा फरक. तिथे जास्तीचे पैसे रूपासाठी जात, वेगासाठी नाही.

आकडेही आता जुन्यासारखे सरळ राहिलेले नाहीत. २०१६च्या अखेरीस आलेल्या डॉमिनार ४००चं इंजिन ३७३.३ सीसीचं होतं. २०२४च्या एनएस ४०० झेडच्या इंजिनाचीही तीच गत. हे इंजिन ऑस्ट्रियन कंपनी केटीएमच्या घराण्यातलं. पुण्याजवळ चाकणला बनणारी तिची ३९० ड्यूकही एकेकाळी याच मापाची होती. सारखंच माप, पण एकीच्या नावात ३९० आणि दुसरीच्या ४००. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के आणि त्यावरच्या दुचाकीवर ४० टक्के जीएसटी लागला. हा कर टाकीवरच्या स्टिकरवर नाही, इंजिनाच्या प्रत्यक्ष सीसीवर ठरतो. म्हणून गाडी पाहायला गेल्यावर सेल्समनला आधी नेमकी सीसी आणि पीएस विचारावी, नाव नंतर.

विजेच्या चेतकमध्ये तर सीसीच उरली नाही. तिथे पहिले दोन आकडे बॅटरीचे: ३५ म्हणजे साडेतीन किलोवॅट-अवर, २९ म्हणजे २.९. पुढचे दोन आकडे दर्जाचे आणि ते उलटे चालतात. ३५०१ सगळ्यात वरची, मग ३५०२, मग ३५०३. मोठा आकडा म्हणजे भारी गाडी या आपल्या सवयीला हे अगदी सोडून आहे. २०२४च्या चेतक अर्बेनमध्ये तर एकाच गाडीचे दोन वेग होते. साधी घेतली तर ताशी ६३ किलोमीटर आणि ‘टेकपॅक’चे पैसे भरले तर ७३. त्याबरोबरच स्पोर्ट मोड, हिल होल्ड आणि रिव्हर्स. त्यामुळे ‘ऑन रोड किती?’ हा एकच प्रश्न तिथे पुरत नसे. टेकपॅकसह किती आणि त्याशिवाय किती, असे दोन भाव लिहून घ्यावे लागत.