एक ठेका, अनेक घराणी

गाला (मस्कत) : शुक्रवारी सकाळी गालाहून निझव्याच्या रस्त्याला लागलेल्या मराठी कुटुंबाच्या मोटारीत एक वाद हमखास रंगतो. पुढे बसलेल्यांना नाट्यगीत हवे असते, मागे बसलेल्यांना टेक्नो. ‘हा नुसता धडधडाट आहे’ असा निकाल पुढून लागतो. मात्र हा कडवेपणा एकाच पिढीचा नाही. ट्रान्सवर प्रेम करणारा तरुण हाऊसला सपक ठरवतो आणि टेक्नोचा चाहता दोघांनाही उथळ म्हणतो. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या शाखांकडे मोकळ्या मनाने पाहायचे, तर प्रत्येक शाखा श्रोत्याकडून काय मागते, हे आधी समजून घ्यावे लागते.

हाऊस हे शिकागोच्या ‘वेअरहाऊस’ या क्लबमधून नाव मिळालेले संगीत. मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके, प्रत्येक मात्रेवर ढोलाचा आघात आणि त्यावर बहुधा गाता, भावपूर्ण गळा. 1980च्या दशकात डेट्रॉइटमध्ये आकाराला आलेल्या टेक्नोत गळा गौण असतो. तेथे एकच आकृती पुनःपुन्हा येते आणि तिच्यात बारीक बारीक फरक होत जातात. ट्रान्समध्ये सुरावट हळूहळू चढत शिखर गाठते. ब्रिटनमधील ड्रम अँड बेसचा वेग 160 ते 180 ठोक्यांचा, पण त्याचा ताल तुटक असतो. लंडनमध्ये जन्मलेल्या डबस्टेपचा वेग 140च्या आसपास असूनही तो संथ वाटतो, कारण त्याचा भार खर्जावर आहे.

गैरसमज होतो तो मोजपट्टी बदलल्यामुळे. बड्या ख्यालाची अपेक्षा घेऊन लावणीला बसलेल्या श्रोत्याची निराशा ठरलेलीच. टेक्नोत ‘काही घडतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्याने वारकरी भजनातला ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर आठवून पाहावा. शब्द तेच असतात, पण लय वाढते, टाळ-मृदंग दाटत जातात आणि पुनरावृत्तीतूनच रंग भरतो. ओमानच्या किनाऱ्यावरील ‘लीवा’ ही पूर्व आफ्रिकेतून आलेली नृत्यकलाही ढोलांच्या अशाच आवर्तनांवर उभी आहे.

काही अडचणी तर निव्वळ तांत्रिक आहेत. क्लबसाठीच्या रचनेच्या आरंभी बराच वेळ नुसता ठेका चालतो, तो एक रचना दुसरीत मिसळण्याची सोय म्हणून. पहिल्या मिनिटातच गाणे बंद करणारा श्रोता खरे तर दारातूनच परततो. शिवाय मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खोल खर्ज उमटत नाही. डबस्टेपचा प्राणच तेथे गळून पडतो.

न ऐकताच निकाल देण्याची किंमत किती असते, हे आपल्याच मुंबईने दाखवून दिले आहे. चित्रपटसंगीतात वादन करणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली भैरवी, यमन, मालकंस अशा दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्यासाठी त्यांनी रोलँड कंपनीची टीबी-303 आणि टीआर-808 ही यंत्रे वापरली. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची टीबी-303ची ढब मींडेला मानवणारी होती. या ध्वनिमुद्रिकेकडे तेव्हा फारसे कोणी वळले नाही. पुढे 1987मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूने त्याच यंत्रातून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ घडवले आणि अ‍ॅसिड हाऊस जगभर पसरले. त्या कलावंतांनी मुंबईची मुद्रिका ऐकली होती, असा पुरावा नाही. 2010मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे युरोपातील श्रोते थक्क झाले. चरणजित सिंग 2015मध्ये वारले. कौतुक त्यांच्या वाट्याला आले, पण अगदी उतारवयात.

शिकागोचा अनुभवही बोलका आहे. 12 जुलै 1979 रोजी तेथील बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्यात आल्या आणि गर्दी मैदानात घुसल्याने पुढचा सामना होऊ शकला नाही. त्याच शहरात, त्याच डिस्कोच्या वारशातून, पुढच्या काही वर्षांत हाऊस बहरले.

मोकळेपणा म्हणजे सारे काही गोड मानून घेणे नव्हे. महाराष्ट्रात ‘डीजे’ हा शब्द मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीसाठी रूढ झाला आहे आणि त्या भिंतीला होणारा विरोध रास्तच आहे. भारतातील 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. तथापि ही तक्रार आवाजाच्या पातळीविषयी आहे, संगीताच्या जातीविषयी नाही. भावगीतही त्याच भिंतीतून वाजले तर कानांना तितकेच जाचेल.

नावडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहेच. तो वापरण्यापूर्वी एक रचना अखेरपर्यंत, बऱ्या ध्वनियंत्रणेवर आणि तिच्याच मोजपट्टीने ऐकावी. परदेशात वाढणारी आपली मुले यमन ऐकून घेतील, अशी अपेक्षा आपण करतो. त्यांचा टेक्नो आपण दहा मिनिटे ऐकून घेतला, तर ती अपेक्षा न्याय्य ठरेल.